ओ दिल्याबिगर शिला हलायची न्हाई

शिला राठोडबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आमच्या मेडिकल कॉलेजात आता सगळ्यांना माहीत झालंय. मी प्रतिक्षा, तिची रूममेट. गाव कनेरगाव नाका. वाशीम रोडला आमचा धाबा आहे, त्यामुळं मोठ्यानं बोलायची सवय मला पाळण्यापासूनची. ट्रकच्या आवाजावर आवाज चढवल्याशिवाय आमच्याकडं कुणाला भाकरी मिळत न्हाई. शिला माझ्या बराबर उलटी. विचारलं तेवढंच सांगणार आणि सांगून झालं की आपल्या कामाला लागणार. पहिल्या वर्षी खोलीत आली तेव्हा मला वाटलं, ही घमेंडी आहे. पहिले काही दिवस मी तिच्याशी एकटीच भांडले. ती काही भांडली न्हाई, तिनं माझ्या मच्छरदाणीची तुटलेली दोरी बांधून दिली. तवापासून आमचं जमलं.

तिचा तांडा कळमनुरीच्या पलीकडं. बाप धर्मसिंग, त्यांचा हळद शिजवायचा कुकर आहे. कुकर म्हटलं की घरातली शिट्टी डोळ्यापुढं आणू नका. ट्रॅक्टरमागं ओढून न्यायचा मोठा बॉयलर आणि त्याच्या भोवती चार लोखंडी ड्रम. ओली हळद ड्रममध्ये भरायची, बॉयलरची वाफ पायपानं आत सोडायची, शिजली की ड्रम उलटा करून हळद उन्हात पसरायची. संक्रांत झाली की धर्मसिंगकाका कुकर घेऊन निघतात ते उन्हाळा तापेपर्यंत या शेतातून त्या शेतात. सगळं घर त्यांच्या मागं. शिलाचा बारावीचा अभ्यास त्याच धुरात झाला.

तांड्यावरून डॉक्टरकीला निघालेली ती पहिली पोरगी. ती निघाली त्या दिवशी तांड्यातल्या बाया तिच्या गळ्यात पडून गाऊन गाऊन रडल्या. त्यांच्यात लेक सासरला जाताना असं रडतात. मी सासरला न्हाई, हॉस्टेलला चालले, असं ती सांगत राहिली, पण ऐकतं कोण? गाणं सुरू झालं की पुरं करावंच लागतं म्हणे.

तिसऱ्या वर्षापर्यंत शिलाचं नाव झालं होतं. वॉर्डात एखाद्या म्हातारीची शीर सापडत न्हाई म्हणून आमी सगळे हात टेकायचो, आणि शिला गुपचूप जाऊन पहिल्याच टोचण्यात रक्त काढायची. हिचं काय, ही डोळे झाकून डॉक्टर होईल, असंच सगळे म्हणायचे. आणि मग आमच्या नशिबात संतराम आला.

संतराम हा बाहुला. रबराचा, माणसाएवढा, पलंगावर पडलेला. नाव त्याला आमच्या सीनियर लोकांनी ठेवलं. त्याची छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, डोळे उघडझाप करतात आणि तो बोलतोसुद्धा. बोलतात खऱ्या आमच्या साधना मॅडम. काळ्या काचेमागं त्या कॉम्प्युटर घेऊन बसतात, संतरामच्या गळ्यातून कण्हतात, आणि त्यानं जगायचं की मरायचं ते आमचं काम बघून ठरवतात. आमी चौघांनी मिळून त्याला वाचवायचं. खोलीत कॅमेरे. झाल्यावर तो व्हिडिओ अख्ख्या बॅचनं मिळून बघायचा. खऱ्या वॉर्डात मोठे डॉक्टर असतात, आमी नुसतं सलाइन धरून उभे राहतो. इथं मोठं कुणी न्हाई, मोठे म्हणजे आमीच.

तुमाला हसू येईल, पण त्या रबराच्या माणसानं आमच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. आमच्या टीममधला विश्वंभर सेनगावकडचा, कबड्डी खेळणारा गडी. समोर सात जण आले तरी अंगावर घेतो. पण संतरामचा दिवस उजाडला की त्याच्या पोटात गोळा यायचा आणि तो संडासाच्या दाराशी घुटमळायचा. दिपक पुस्तकातला किडा. तो औषधांचे डोस पुटपुटत व्हरांड्यात फेऱ्या मारायचा आणि कुणी हाक मारली तर दचकायचा. मी भांडायची. पहिल्या दिवशी मी चप्पल कुठं काढायची यावरून वॉचमनशी भांडले, तेही माझीच चूक असून. शिला तेवढी शांत. म्हणून तर आमी तिला लीडर केलं.

पहिल्या वेळी संतराम छातीत दुखतंय म्हणून कण्हला आणि बोलता बोलता त्याचं हृदय थांबलं. शिला त्याच्या पायाशी उभी. तिनं मला तोंडाला फुगा लावून श्वास द्यायला सांगितलं, मी लावला. विश्वंभरला छाती दाबायला सांगितलं, तो दाबायला लागला. इथपर्यंत सगळं बराबर. आणि मग शिला थांबली. आमच्याकडं बघत नुसती उभी राहिली. काचेमागून मॅडमनी विचारलं, लीडर, पुढं काय? ती न्हाई हलली. संतराम मेला.

दुसऱ्या वेळी तर अजून वाईट झालं. सगळं करून शॉक द्यायची वेळ आली. शॉक देताना पेशंटला कुणाचा हात लागलेला नको, न्हाईतर त्यालाच झटका बसतो. शिलानं मशीनच्या बटणावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. आमी तिघंही मागं सरकलो. आता दाबायचं फक्त. तिनं दाबलं न्हाई. माझ्याकडं बघितलं, विश्वंभरकडं बघितलं, दिपककडं बघितलं. एक हात अर्धा उचललेला, मान जराशी पुढं, ओठ मिटलेले. काहून दाबून न्हाई राहिली ही?  मशीन किंचाळत राहिलं आणि संतराम पुन्हा मेला.

व्हिडिओ लावला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, पुतळा बसवा आता चौकात. वर्ग हसला. मी उठून त्याच्याकडं जाणार होते, शिलानंच माझी ओढणी धरून खाली बसवलं. मॅडम कडक आहेत, पण वाईट न्हाईत. त्यांनी तिला जवळ बोलावून विचारलं, तुला सगळं येतं शिला, मग तू थांबतेस का? ती म्हणाली, माहीत न्हाई मॅडम, पुढं हातच जात न्हाई.

नियम असा की तिसऱ्या वेळीही न्हाई जमलं तर लीडरला कॅज्युअल्टीला पाठवत न्हाईत, मागच्या बॅचबरोबर पुन्हा बसावं लागतं. मला वाटलं, बसावं लागलं तर बसेल, जीव थोडाच जातो. पण शिलानं मनात भलतंच धरलं होतं. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढता काढता तिनं मला सांगितलं.

"सोमवारी जमलं न्हाई तर मी कॉलेज सोडणार. डॉक्टरच्या हातात जीव असतो गं. माझे हात ऐन वेळी थांबतात. उद्या खरा माणूस असला तर?"

मी तिला चिक्कार बोलले. तीन वर्षं काय झक मारली का, तांड्याला काय तोंड दाखवशील, बापानं काय बघायचं. बोलून बोलून माझाच घसा बसला. तिनं माझे कपडेसुद्धा घड्या करून दिले आणि खाली गेली. खरं सांगते, मला रडू आलं. तिच्यासारखी डॉक्टर आमच्या भागाला मिळणार न्हाई आणि ते एका रबराच्या बाहुल्यापायी, याचा मला संताप आला.

रविवारी सकाळी उठले तर शिलाची कॉट रिकामी. कॉटखालची पत्र्याची पेटीही न्हाई. एका दिवसासाठी घरी जाणारी माणसं पिशवी नेतात, पेटी नेत न्हाईत. मी तोंड धुतलं का न्हाई तेही आठवत न्हाई, तडक डेपोत गेले आणि कळमनुरीच्या एसटीत बसले. पुढं ऑटो. तांड्यावर गेले तर घराला कडी. पेटी मात्र ओट्यावर, दाराला लागून ठेवलेली. शेजारची म्हातारी म्हणाली, कुकर नदीच्या अंगाला एका पाटलाच्या शेतात लागलाय, सगळे तिकडंच आहेत. मी बांधाबांधानं ढेकळं तुडवत निघाले. तिला काय काय बोलायचं ते मनात पाठ करून राहिले होते.

लांबूनच धूर दिसला आणि हळदीचा कच्चा वास आला. आणि मग आवाज आला.

"एक नंबर, वाफ सोड!"

"एक नंबर, वाफ सोडली!"

पहिला आवाज शिलाचा होता. तीन वर्षं एका खोलीत राहून मी तो आवाज कधी ऐकला न्हवता. बॉयलरच्या फुसफुसाटावरून बराबर पलीकडच्या बांधापर्यंत जाईल असा. धर्मसिंगकाका कुठलासा पार्ट तुटला म्हणून कळमनुरीला गेले होते आणि त्यांच्या जागी शिला उभी होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हात पाठीमागं. कशालाही हात लावत न्हवती. कुठल्या ड्रमला वाफ, कुठला बंद, कुठला उलटा करायचा, एवढंच सांगत होती आणि चार ड्रमवरची माणसं तिच्या शब्दावर चालत होती. भ्यालेली पोरगी अशी असते व्हय? माझं पाठ केलेलं भाषण मी तिथंच विसरले.

तिनं मला बघितलं. मी म्हटलं, बोलायचंय. ती म्हणाली, हळद चुलीवर आहे, बसायचं तर बस, न्हाईतर कामाला लाग. एक गडी आला न्हवता. तिच्या आईनं, मिराकाकूंनी, मला ओलं पोतं हातात दिलं आणि तीन नंबरच्या ड्रमची वाफेची चावी धरायला उभं केलं. धाब्यावरची पोरगी मी, मला काय त्याचं? धरली चावी.

थोड्या वेळानं शिलानं हाक दिली, "तीन नंबर, वाफ बंद!" मी चावी फिरवली. गच्च बंद केली. आणि शाबासकी मिळेल म्हणून मान वर केली.

काहीच झालं न्हाई. तिचा भाऊ सेवा ड्रम उलटा करायचा दांडा धरून जागच्या जागी थांबलेला. टोपली घेतलेल्या बाया थांबलेल्या. आणि शिला माझ्याकडं बघून राहिली होती. एक हात अर्धा उचललेला, मान जराशी पुढं, ओठ मिटलेले.

 हा चेहरा मी व्हिडिओत बघितला होता. अख्ख्या वर्गानं बघितला होता आणि वर्ग हसला होता.

चार नंबरवरून मिराकाकू म्हणाल्या, "बाई, बोल की. बंद झाली म्हण. तू ओ दिल्याबिगर शिला हलायची न्हाई."

"तीन नंबर, वाफ बंद झाली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच चोरटा वाटला. पण शिलाचा हात खाली आला, तिनं सेवाला ड्रम उलटा करायला सांगितलं, त्यानं तेच शब्द परत म्हटले, आणि सगळं पुन्हा चालू झालं.

दुपारी लिंबाखाली भाकरी सोडली तेव्हा मिराकाकूंनी बांगड्या वर सारून मला हात दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चकाकत होती, चुरगळलेली. शिला तेव्हा मांडीवरची. काकूंनी बॉयलरवरच्या गड्याला हाक दिली होती वाफ बंद कर म्हणून. त्यानं ऐकलंच न्हाई. काकूंना वाटलं ऐकलं, त्यांनी झाकण उघडलं. तवापासून धर्मसिंगकाकांच्या कुकरवर कायदा झाला. सांगणाऱ्यानं सांगायचं, करणाऱ्यानं करून तेच परत बोलायचं, आणि ते कानावर पडेपर्यंत पुढची चावी कुणी हलवायची न्हाई. शिला रांगायला लागली ती हेच ऐकत.

मी शिलाकडं वळले. विचारलं, परवा तू आमाला बाजूला व्हा म्हणालीस, तेव्हा आमी काय बोललो? ती आठवायला लागली. भाकरीचा तुकडा तसाच हातात राहिला.

"काहीच न्हाई," ती म्हणाली. "कुणीच काही बोललं न्हाई."

"मग तू थांबली न्हाईस, येडे. तू वाट बघत होतीस."

तिनं तुकडा ताटात ठेवला आणि तोंडावर ओढणी घेऊन रडायला लागली. मिराकाकू घाबरल्या. मी त्यांना म्हटलं, रडू द्या, हे चांगलं रडणं आहे. शिला मधेच म्हणाली, मला वाटलं मी भ्याले. मी म्हटलं, तू कुठली भितीस, भ्यालो आमी. भीतीनं आमच्या तिघांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. त्या खोलीत एकटी तूच बोलत होतीस, आणि कॉलेजभर मुकी म्हणून नाव तुझंच.

धर्मसिंगकाका पार्ट घेऊन आले तोवर आमी निघायला झालो होतो. तांड्यावर येऊन ओट्यावरची पेटी मी उचलली, ती भरली होती पुस्तकांनी, आणि मी शिव्या देत देत ती रस्त्याकडं ओढून राहिले होते. काकांनी ट्रॅक्टर आणला, पेटी वर ठेवली, आमाला फाट्यापर्यंत सोडलं. उतरताना शिलानं त्यांना थोडक्यात सांगितलं काय झालं ते. ते विचार करून म्हणाले, "पायपातली वाफ दिसत न्हाई पोरी. म्हणून बोलावं लागतं." आणि ट्रॅक्टर वळवून गेले, हळद चुलीवर होती ना.

संध्याकाळी मेसमध्ये गव्हाचं पोतं टेबलावर आडवं टाकलं आणि तोच संतराम समजून आमी चौघं त्याच्याभोवती उभे राहिलो. करून झालं की तेच परत बोलायचं, हे विश्वंभरला लगेच पटलं. तो म्हणाला, कबड्डीत चढाईला गेलं की तोंड चालूच ठेवावं लागतं, तोंड थांबलं की गडी बाद. दोनदा केल्यावर त्यालाच नवल वाटलं, पोटातला गोळा कुठं गेला म्हणून. बोलता बोलता तो भ्यायचं विसरला होता.

दिपक काही ऐकेना. शेतातल्यासारखं ओरडायचं का, म्हणे, व्हिडिओ आहे, सगळे हसतील. माझं डोकं तापलंच. मी म्हटलं, आमच्या धाब्यावर माझे बापू ऑर्डर ओरडतात. आचारी ऐकतो का न्हाई कुणास ठाऊक, ओ म्हणून देत न्हाई. म्हणून तर शेवभाजी मागणाऱ्याच्या पुढं दाळतडका येतो. तिथं गिऱ्हाईक शिव्या देऊन दाळतडका खातं. इथं माणूस मरतो. माझी आई म्हणते, बोलणाऱ्याची माती खपते, मुक्याचे गहू खपत न्हाईत. तू तर पुस्तकातला गहू घेऊन बसलायस. दिपक जरा दुखावला, पण पोत्याजवळ आला.

सोमवारी आमचा नंबर शेवटचा होता. बाहेर मोठ्या पडद्यावर बाकी बॅच बघत बसलेली. पुतळा म्हणणारा पुढच्याच बाकावर होता. मी त्याच्याकडं बघितलं, पण भांडले न्हाई. पहिल्यांदाच मला भांडावंसं वाटलं न्हाई.

आत गेलो. संतराम कण्हला, "डॉक्टरीणबाई, छातीत लई दुखून राहिलंय." शिला पायाशी जाऊन उभी राहिली, हात पाठीमागं. आणि बॉयलरवरचा तो आवाज त्या एसीच्या खोलीत निघाला.

"प्रतिक्षा, ऑक्सिजन लाव."

"ऑक्सिजन लावला."

"दिपक, हाताला सलाइनची सुई."

"सुई लावली, सलाइन चालू."

तेवढ्यात संतरामचे डोळे मिटले आणि पडद्यावरची रेघ वेडीवाकडी नाचायला लागली. शिलानं विश्वंभरला छाती दाबायला सांगितलं. तो दाबता दाबता मोजायला लागला, मोजणं सगळ्या खोलीला ऐकू येत होतं. मी फुग्यानं श्वास दिला की दिला म्हणून सांगत होते. माझे हात कापत न्हवते. कापायला वेळच न्हवता, पुढचा शब्द बोलायचा होता.

शॉकची वेळ आली. मशीन पायाशीच होतं, शिलाचं बोट बटणावर.

"सगळे बाजूला!"

"बाजूला झाले," मी म्हटलं. "बाजूला झालो," विश्वंभर म्हणाला. "बाजूला झालो," दिपक म्हणाला.

तिनं दाबलं. संतरामचं अंग उडालं. बाहेर बाकावर कुणीतरी टाळी वाजवली ती आत ऐकू आली. पण रेघ अजून तशीच नाचत होती. विश्वंभर पुन्हा छातीवर. थोड्या वेळानं दुसरा शॉक, पुन्हा तसंच. मग शिलानं दिपकला हृदयाचं औषध द्यायला सांगितलं, अॅड्रेनालिन.

दिपक काही बोलला न्हाई.

त्याच्या हातात सिरिंज होती. तो सलाइनच्या नळीकडं बघत होता. शिला थांबली. तीच मान पुढं, तोच हात अर्धा उचललेला.  गेलं, मी मनात म्हटलं, परत तेच झालं. काचेमागं मॅडमची सावली पुढं सरकली. मी तोंड उघडणार होते, दिपकच्या वतीनं मीच बोलून मोकळी होणार होते.

पण ती नुसती उभी राहिली न्हाई.

"दिपक, बोल. गेलं का न्हाई?"

दिपकनं नळी उचलून बघितली. "न्हाई गेलं. सुई निघालीय. औषध चादरीवर सांडलं."

मला मागाहून कळलं, ती सुई निघण्याची करामत मॅडमनीच करून ठेवली होती. एवढ्या धावपळीत कुणाच्या ध्यानात येतं का न्हाई ते त्यांना बघायचं होतं. आमच्या आधीच्या एकाही टीमच्या ध्यानात आलं न्हवतं. सगळ्यांनी औषध दिलं असं समजून पुढं काम केलं होतं आणि सगळ्यांचं औषध चादरीत गेलं होतं.

"सुई निघाली," शिला म्हणाली, अगदी शांतपणे. "दुसऱ्या हाताला लाव. मग औषध. विश्वंभर, दाब थांबवू नको."

"दाब चालू," विश्वंभर घामाघूम होऊन म्हणाला.

"सुई लावली," दिपक म्हणाला. मग जरा थांबून, आणि आता त्याचा आवाज हॉस्टेलच्या गच्चीपर्यंत गेला असेल, "औषध दिलं!"

पुन्हा शॉक. पुन्हा बाजूला झालो, बाजूला झालो, बाजूला झाले. तिनं बटण दाबलं, विश्वंभर पुन्हा छाती दाबायला लागला, मोजणं चालू झालं. मग शिलानं थांब म्हटलं. थांबलो, तो म्हणाला. पडद्यावर रेघ एका ठेक्यात चालायला लागली होती. शिला पुढं आली, तोपर्यंत ती पायाची जागा सोडून हलली न्हवती, आणि तिनं संतरामच्या गळ्याला दोन बोटं लावली.

"नाडी लागली," ती म्हणाली.

आमी तिघं ओ द्यायचं विसरलो. विश्वंभर गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होता, दिपक रडत होता, मी काय करत होते मला ठाऊक न्हाई. शिला गळ्याला बोटं लावून तशीच उभी. तिची मान पुढं झाली. ती वाट बघायला लागली.

तेव्हा संतराम बोलला. रबराचे ओठ काही हलले न्हाईत, पण गळ्यातून साधना मॅडमचा आवाज आला, जरा भरून आलेला.

"नाडी लागली."

दाराबाहेर जो गलका झाला त्यात मॅडम काय म्हणत बाहेर आल्या ते कुणालाच नीट ऐकू आलं न्हाई. व्हिडिओ लावला तेव्हा आमीच म्हटलं, परत लावा, आणि परत लावला. मॅडमनी सुई निघाल्याची जागा थांबवून सगळ्यांना दाखवली. म्हणाल्या, इथं ही पोरगी विचारत न्हाई तर पेशंट गेला असता. उद्यापासून प्रत्येक टीमनं असंच बोलायचं. मग जुना व्हिडिओही लावला, बोट बटणावर ठेवून शिला थांबली होती तो. यात शिला चुकलेली न्हाई, म्हणाल्या, कुणी बाजूला झालं का ते तिला कळलंच न्हवतं, कुणी सांगितलंच न्हवतं. आणि हे मला तेव्हाच दिसायला पाहिजे होतं. पुतळा म्हणणारा उठून शिलाजवळ आला आणि आपल्या टीमला शिकवशील का म्हणून विचारलं. ती हो म्हणाली. मी असते तर आधी चार शब्द ऐकवले असते.

कॅज्युअल्टीच्या यादीत तिचं नाव लागलं. पेटी परत कॉटखाली गेली. मग तिनं व्हरांड्यात येऊन बापाला फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे मलाही ऐकू यावं. पलीकडं बॉयलरचा असा फुसफुसाट की काही कळेना. घरी ते आपल्या बोलीत बोलतात, पण कुकरवर गडीमाणसं असली की सगळं मराठीत चालतं.

शिलानं तोंडाशी हात धरला आणि ओरडली, "बा, पास झाले!"

काही वेळ नुसती वाफ ऐकू आली. शिला फोन धरून उभी, मान पुढं. मी हसायला लागले, कारण मला माहीत होतं ती का थांबलीय.

"ऐकलं," धर्मसिंगकाका म्हणाले. "शिला पास झाली."

मग लांबून मिराकाकूंचा आवाज, चार नंबरवरून, "शिला पास झाली!" मग सेवाचा, मग टोपलीवाल्या बायांचा, एकामागून एक सगळ्या ड्रमवरून. शिला भिंतीला टेकून खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली, आणि मीही.

"आता ठिव फोन," काका म्हणाले. "दोन नंबर शिजत आलाय."